बाबा, चुना आणि आमच्या पुढच्या खिडक्या

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. घर आवडलंय पण ते कॉन्झर्व्हेशन एरियात आहे, म्हणजे जुनं रूप जपायचं म्हणून बाहेरून काही बदलायला परवानगी लागते अशा भागात, घेऊ का नको? तिघंही आपलीच मंडळी, इथे यूकेत पहिल्यांदाच घर बघणारी, आणि तिघांशीही मी तासतासभर फोनवर तेच ते बोलले, म्हणून म्हटलं आता एकदाचं लिहूनच काढू.

आमचं घर लेस्टरला, लंडन रोडवरून आत वळलं की पाचेक मिनिटांवर. लाल विटांचं, १८९३ चं, दोन्ही बाजूंना चिकटून तशीच घरं, पुढे कमरेएवढी विटांची भिंत आणि फाटकापासून दारापर्यंत काळ्या नि पिवळट फरश्यांची नक्षीची वाट, ज्यावर मी दिवाळीत रांगोळी काढते. २०२१ च्या ऑक्टोबरात घेतलं. घेताना वकिलाने सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या चौकशीचा अहवाल, पाठवला होता, चाळीसेक पानांचा, त्यात एका पानावर दोन ओळी होत्या की ही मिळकत कॉन्झर्व्हेशन एरियात येते आणि इथे आर्टिकल फोर डायरेक्शन लागू आहे. आम्ही दोघांनीही ते पान वाचलं होतं. पण घर घेण्याच्या त्या धामधुमीत, लोनचे कागद, जुन्या फ्लॅटची नोटीस, लेकीची शाळा, त्यात त्या दोन ओळींचा अर्थ काय हे विचारायला कोणाला सुचलं नाही, आणि वकिलानेही आपणहून काही सांगितलं नाही. तुम्ही हे वाचत असाल आणि घर अजून घ्यायचं असेल तर एवढं करा, आर्टिकल फोर हे शब्द रिपोर्टमधे दिसले की तिथेच थांबा आणि वकिलाला लेखी विचारा की यात नेमकं काय काय येतं. कारण प्रत्येक रस्त्याचं वेगळं असतं.

पहिला हिवाळा वाईट गेला. पुढच्या खोलीत बसलं की खिडकीतून गार वारा सरळ मानेवर यायचा, पडदा हलायचा, आणि सकाळी तावदानांवरून पाणी ओघळून खालच्या लाकडावर साचलेलं असायचं, ते मी रोज फडक्याने टिपायचे. चार खिडक्या पुढच्या बाजूला. खाली तीन, बे विंडोच्या म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या, त्या मूळच्या लाकडी सॅश, वरखाली सरकणाऱ्या, आणि वर एक, ती आधीच्या मालकाने २००९ च्या सुमारास काढून तिथे पांढरी प्लास्टिकची म्हणजे यूपीव्हीसीची बसवलेली. तर फेब्रुवारीत आम्ही एका खिडक्यांच्या कंपनीला बोलावलं. माणूस आला, छान बोलला, मापं घेतली, चारही खिडक्या यूपीव्हीसीच्या करून देतो म्हणाला. मी स्वतः त्याला विचारलं की परवानगी वगैरे लागेल का, तर म्हणाला छे, या रस्त्यावर आम्ही नेहमी करतो, वरची नाही का बसवलेली. आम्ही डिपॉझिट भरलं.

दोन घरं सोडून एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, याच रस्त्यावर लग्न होऊन आलेल्या. त्यांनी आमच्या दाराशी त्या कंपनीची गाडी बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवलं. आत आल्या, चहा घेतला, आणि मग अगदी हळू आवाजात, आपल्याकडच्या एखाद्या मावशींनी सांगावं तसं सांगितलं की बाळांनो, त्या खिडक्या काढण्याआधी काउन्सिलला (म्हणजे इथल्या नगरपालिकेला) विचारा, नाहीतर बसवलेल्या परत काढाव्या लागतील, पलीकडच्या गल्लीत एकांवर तशी वेळ आलेली आहे. आम्ही त्याच संध्याकाळी काउन्सिलच्या वेबसाइटवर नकाशा उघडला. आमचा रस्ता रेघेच्या आत होता. ऑर्डर रद्द केली, डिपॉझिटमधले निम्मे पैसे परत मिळाले, निम्मे गेले. त्या कंपनीवर माझा आजही राग आहे, कारण त्या माणसाला माहीत होतं. काम आपल्या घरावर होतं, नोटीस आपल्या नावाने येते, आणि तोवर विकणारा माणूस निघून गेलेला असतो.

आता ही भानगड काय आहे ते सांगते, कारण मला समजायला बरेच दिवस लागले.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. लिस्टेड बिल्डिंग म्हणजे एक विशिष्ट इमारत, आणि तिचं आतबाहेर सगळं संरक्षित, अगदी आतला जिना, फायरप्लेस, दारंसुद्धा. कॉन्झर्व्हेशन एरिया म्हणजे अख्खा भाग. त्यात तुमचं एकटं घर काही खास असेलच असं नाही, पण ओळीने उभी असलेली घरं, त्यांच्या खिडक्या, धुराडी, पुढच्या भिंती, झाडं, हे सगळं मिळून रस्त्याचं जे रूप होतं ते जपायचं. आतून तुम्ही काय करता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आम्ही किचन पूर्ण बदललं, बाथरूम बदललं, कोणालाही विचारावं लागलं नाही.

हा कायदा आला १९६७ ला, सिव्हिक अ‍ॅमेनिटीज अ‍ॅक्ट, आणि पहिला कॉन्झर्व्हेशन एरिया झाला लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड. लेस्टरहून ट्रेनने जाता येतं, आम्ही मुद्दाम जाऊन आलो, पूर्ण गावच फिकट मधाळ दगडाचं आहे. त्याआधीची वीस वर्षं या देशात युद्धानंतरच्या नव्या बांधकामाची होती, मोठे रस्ते आणि शॉपिंग सेंटरं करायला जुन्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या, आणि एकेक इमारत लिस्ट करून गावाचं रूप काही वाचत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. आज एकट्या इंग्लंडमधे असे जवळजवळ १०,००० भाग आहेत. म्हणजे जुनं घर बघायला लागलात तर कधी ना कधी तुमची गाठ पडणारच.

साध्या कॉन्झर्व्हेशन एरियात काही गोष्टी परवानगीशिवाय बंद असतात. बाजूला खोली वाढवणं, मागे दुमजली वाढवणं, छपरातून डॉर्मर म्हणजे उभी खिडकी बाहेर काढणं, बाहेरच्या भिंतींवर टाइल्स किंवा प्लास्टिकचं आवरण, पुढून दिसेल अशी टीव्हीची डिश. मागे एकमजली छोटी खोली मात्र मापात असेल तर चालते. आर्टिकल फोर लागलं की त्याहून बारीक गोष्टी येतात, ज्या एरवी घरमालकाच्या हक्काच्या असतात. आमच्या रस्त्यावर पुढच्या खिडक्या, पुढचं दार, छपराचं मटेरियल, पुढची भिंत पाडून गाडीला जागा करणं, विटांवर रंग देणं, हे सगळं परवानगीत येतं. मागची बाजू मोकळी. म्हणून मागच्या खिडक्या आम्ही डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, केल्या.

झाडांचं पण सांगून टाकते कारण ते कोणालाच माहीत नसतं. जमिनीपासून दीड मीटरवर बुंधा ७५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, म्हणजे साधारण मनगटापेक्षा थोडा जाड, तर फांद्या छाटायला सुद्धा काउन्सिलला ६ आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. फी नाही. त्या मुदतीत ते एकतर काही बोलत नाहीत, मग तुम्ही मोकळे, नाहीतर झाडावर प्रिझर्व्हेशन ऑर्डर आणतात, म्हणजे त्या झाडाला संरक्षण मिळतं. आमच्या मागच्या सिकमोरचं आम्ही कळवलं, सहा आठवडे गेले, छाटला.

आता खिडक्या. ऑर्डर रद्द झाल्यावर मी काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला ईमेल केला, जरा धास्तावूनच, आणि तिचं उत्तर इतकं साधं आणि मदतीचं आलं की मला बरं वाटलं. तिने लिहिलं की खालच्या तीन खिडक्या बदलायच्या आधी एकदा दुरुस्तीवाल्या सुताराला दाखवा, दुरुस्तीला परवानगी लागत नाही. आणि सोबत आमच्या भागाचं कॅरॅक्टर अप्रेझल पाठवलं. हे एक डॉक्युमेंट असतं ज्यात त्या भागाचं गल्लीवार वर्णन असतं, आणि त्यात आमच्या रस्त्यावर अर्धा पॅराग्राफ होता, बे विंडोंची एकसारखी लय, दारावरचे रंगीत काचेचे तुकडे, विटांची जोडणी. आमच्या घराबद्दल कुणीतरी रस्त्यावर उभं राहून एवढं नीट बघून लिहिलंय हे वाचून मला भरून आलं, खरंच. आम्ही सहा महिने राहत होतो आणि दारावरची काच मी नीट बघितली नव्हती.

सुतार आला. त्याने खिडकीच्या बाजूच्या चौकटीतली एक छोटी फळी स्क्रू काढून उघडली आणि मला बोलावलं. आत पोकळी, आणि त्यात एक ओतीव लोखंडाचं वजन, मुसळाच्या तुकड्यासारखं, गंजून तपकिरी झालेलं, तळाशी पडलेलं. दोरी केव्हाच तुटली होती. सॅश खिडकी म्हणजे दोन चौकटी एकमेकींच्या मागेपुढे वरखाली सरकतात, आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोरीने कप्पीवरून असं एकेक वजन लोंबत असतं, चौकट जेवढी जड साधारण तेवढीच दोन वजनं मिळून जड, म्हणून एका बोटाने उचलली तरी खिडकी वर जाते आणि जिथे सोडाल तिथे थांबते. आपल्या विहिरीवरचा रहाट आठवला मला. आमच्या तीनही खिडक्या रंगाच्या थरांवर थर बसून चिकटून गेल्या होत्या, वरची चौकट तर किती वर्षं हललीच नव्हती. आणि वारा यायचा तो लाकूड खराब झालं म्हणून नाही तर दोन चौकटी जिथे मिळतात तिथे बोटभर फट पडली होती म्हणून.

त्याने लाकडात टोच्या खुपसून दाखवला. खालचा एक कोपरा सोडला तर टोच्या आत जाईना. म्हणाला हे संथ वाढलेल्या झाडाचं पाइन आहे, असं लाकूड आता मिळत नाही, सव्वाशे वर्षं टिकलंय, रंग वेळच्या वेळी दिलात तर अजून तेवढंच टिकेल, आणि तुमची वरची प्लास्टिकची बघा, बारा-तेरा वर्षांत पिवळी पडली आणि तिची बिजागरी तुटली तर तिला दुरुस्त करणारा कोणी नाही, अख्खी फेकायची. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून घरात लहान मूल आहे बघून त्याने कोरडं पॉलिशपेपर मारणं टाळलं, ओलं करून आणि प्लास्टिक अंथरून काम केलं. तुम्ही करून घेतलंत तर हे नक्की विचारा. कुजलेला कोपरा कापून तिथे नवीन लाकूड बसवलं, नव्या दोऱ्या, कडेने ब्रशच्या बारीक पट्ट्या वारा अडवायला. आणि आतल्या बाजूने सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे जुन्या खिडकीच्या आत दुसरी सरकती काच. त्याला आमच्यासारख्या लिस्टेड नसलेल्या घराला परवानगी नाही लागत. त्या कंपनीच्या कोटेशनपेक्षा खर्च कमी आला. काच मात्र जुनीच ठेवली, ती थोडी लाटालाटांची आहे, सकाळी तिच्यातून समोरची घरं बघितली की पाण्यातल्यासारखी हलतात, लेकीला तो खेळच झालाय.

वरच्या प्लास्टिकच्या खिडकीचं वेगळं होतं. ती परवानगी न घेता बसवलेली, पण तेव्हाच्या नियमाने चार वर्षं उलटली की काउन्सिल कारवाई करू शकत नसे, म्हणून ती वाचलेली. (इंग्लंडमधे २०२४ च्या एप्रिलपासून ही मुदत १० वर्षं झालीय, त्यामुळे आधीच्या मालकाने काही करून ठेवलं असेल तर तारखा तपासा.) पण बदलायची म्हटलं की अर्ज आलाच. आम्ही अर्ज केला, तेव्हा फी २०६ पौंड होती, आता बरीच वाढलीय. ड्रॉइंग लागतात, नुसतं समोरून नाही तर खिडकी आडवी-उभी कापली तर आत काय दिसेल तसं. आमचं पहिलं ड्रॉइंग परत आलं. साधी डबल ग्लेझिंगची जाड काच घेतली की तिला धरायला लाकडी पट्ट्या जाड कराव्या लागतात, मग शेजारच्या घरांशेजारी ती खिडकी बोजड दिसते. ऑफिसरने सांगितलं बारीक जाडीची डबल ग्लेझिंग घ्या, आणि हॉर्न दाखवा. वरच्या चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना लाकूड जरासं खाली नक्षीत उतरवलेलं असतं त्याला हॉर्न म्हणतात, व्हिक्टोरियन काळात काचा मोठ्या नि जड झाल्या तसा सांध्याला आधार म्हणून ते आलं. आमच्या खालच्या खिडक्यांना होतेच, सुताराने त्यांचंच माप घेतलं. दिव्याच्या खांबावर नोटीस लागली, शेजाऱ्यांना २१ दिवस दिले, आजींनी पाठिंब्याचं पत्र लिहिलं, आणि आठ आठवड्यांची मुदत असते त्यातल्या सातव्या आठवड्यात मंजुरी आली.

या सगळ्यात मे महिन्यात बाबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटे आले होते, वाईहून. आणि आता मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

पुढच्या खोलीच्या भिंतीला आतून ओल होती, जमिनीपासून गुडघ्याएवढी, रंगाचे पापुद्रे सुटायचे. आम्ही एकाला दाखवलं होतं, त्याने भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचं दोन हजार पौंडांचं कोटेशन दिलं होतं. बाबांनी पहिल्या आठवड्यात ती भिंत बघितली, काही बोलले नाहीत, बाहेर गेले, पुढच्या फाटकापाशी वाकून बराच वेळ विटांकडे बघत बसले, मग खिशातली किल्ली काढली आणि दोन विटांमधल्या दरजेत घासली. किल्ली घसरली, काही निघालं नाही. मग वर हात करून, पहिल्या मजल्याच्या खालच्या बाजूला, शिडीवर चढून तिथे घासली. तिथून भुरभुर पांढरी भुकटी पडली. मला हाक मारली, "अगं इकडे ये. तुझी भिंत चुन्याची आहे आणि खाली कोणीतरी सिमेंटने दरजा भरल्यात. लोणा लागणारच."

आणि मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी आमच्या वाड्याची गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती पण कधी अशी कळली नव्हती. वाईला आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात बाबा लहान असताना डागडुजीला घाणी लावायचे. गोल चर, त्यात दगडी चाक, बैल फिरवायचा, कळीचा चुना विरवून वाळूबरोबर मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर, दिवसच्या दिवस. पोरं बैलामागे चालायची. नंतर बऱ्याच वर्षांनी, मी शाळेत असताना, भिंती खालून झिजल्या म्हणून काकांनी चांगल्या मनाने, मजबूत होतील म्हणून, खालून चार फूट सिमेंटचा गिलावा मारून घेतला. त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात ओल सिमेंटच्या वर चढली, माजघराच्या कोनाड्यापर्यंत, जिथे आधी कधीच नव्हती. सगळ्यांनी पावसाला दोष दिला. मला आठवतोय तो वास.

कारण असं आहे, आणि नंतर आमच्या गवंड्याने अगदी हेच सांगितलं. जुन्या भिंती भरीव असतात, मधे पोकळी नसते. पावसाचं आणि जमिनीचं थोडं पाणी त्यांच्यात जातंच, आणि मऊ चुन्याच्या दरजेतून ते वाळून बाहेर पडतं. चुना विटेपेक्षा मऊ असायला हवा, झिजायची ती दरज झिजावी, वीट नाही, दरज शंभर वर्षांनी परत भरता येते. सिमेंट विटेपेक्षा कडक. ते दरजेतली वाट बंद करतं, मग पाणी विटेतून बाहेर यायला बघतं, आणि इथल्या थंडीत ते विटेत गोठतं, फुगतं, आणि विटेचा तोंडचा पापुद्राच उडतो. आमच्या फाटकाजवळच्या सात विटांची तोंडं गेली होती. आत बाहेर दोन्हीकडचं तेच एक दुखणं होतं, आणि केमिकलने काही झालं नसतं.

गवंडी मिळाला तो साठीचा, चुन्याचंच काम करणारा. काउन्सिलला विचारलं, मूळच्यासारख्या चुन्याने दरजा भरायला अर्ज नको म्हणाले. त्याला जुलैत सुरू करायचं होतं, पण त्या जुलैत इंग्लंडात पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला, आणि तो म्हणाला एवढ्या उन्हात चुना फटकन वाळून भुगा होईल, आणि थंडी पडली तरी नाही करता येणार, आपण सप्टेंबरात करू. बाबांनी लगेच मान हलवली. मी दोघांच्या मधे दुभाष्याचं काम करत होते पण फारसं लागलंच नाही. सिमेंट मशीनने न काढता छिन्नीने हळूहळू काढलं, विटांच्या कडा जाऊ नयेत म्हणून. दरजा धुवून ओल्या केल्या, चुना दाबून भरला, आणि वरून ओलं गोणपाट टांगलं. बाबांनी ते गोणपाट बघितलं आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पुढचे दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बाबा झारीने त्या गोणपाटावर पाणी मारायचे, चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला ओलावा लागतो. आई गेल्यापासून त्यांना सकाळी उठून करायला काही नव्हतं. ते दहा दिवस होतं. जाता-येता लोक थांबायचे, आजी रोज यायच्या, बाबांचं इंग्रजी बेताचं, पण दोघं भिंतीकडे बघत उभे राहायचे.

मधे ऑगस्टमधे बाबांना लंडनला १०, किंग हेन्रीज रोडला घेऊन गेलो. बाबासाहेब १९२१-२२ मधे शिकायला होते तेव्हा राहिलेलं घर, महाराष्ट्र सरकारने २०१५ ला घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून उघडलं. तिथे खिडक्यांचा प्रश्न नव्हता, प्रश्न वापराचा होता. राहत्या घराचं संग्रहालय करायलाही परवानगी लागते, ती नंतर मागितली गेली, शेजाऱ्यांपैकी काहींनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली, तिथल्या कॅम्डन काउन्सिलने राहती जागा कमी होते म्हणून २०१८ ला नाकारली, मग अपील, २०१९ ला सुनावणी, आणि शेवटी २०२० च्या मार्चमधे सरकारकडून मंजुरी मिळाली. एवढ्या मोलाच्या वास्तूला इतकी वर्षं टांगणीवर राहावं लागलं याचं मला वाईट वाटतं, आणि मंजुरी मिळाली याचा मनापासून आनंद आहे. बाबा आतल्या खोलीत बराच वेळ थांबले. बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडे उभं राहून म्हणाले, शेजारच्या घरांसारखंच ठेवलंय, बरं केलं, त्या वेळचा रस्ता कसा होता ते कळतं.

माझी तक्रार नाही असं नाही. हे सगळं मालकाच्या खिशातून. आमच्या दोघांचे पगार आहेत म्हणून जमलं. पलीकडच्या बाजूला एक विधवा बाई आहेत, त्यांच्या खिडक्यांना कागद कोंबलेले आहेत, त्यांना प्लास्टिकची स्वस्त खिडकी लावता येत नाही आणि लाकडी दुरुस्त करायला पैसे नाहीत. नियम करणाऱ्यांनी अशा घरांना दुरुस्तीचे पैसे द्यायला हवेत, नुसती रेघ आखून भागत नाही. पण नियमच नको असं मला कोणी म्हटलं तर मी आता ऐकून घेणार नाही. मागच्याच एका रस्त्यावर, जो रेघेच्या बाहेर आहे, एका घराची पुढची भिंत गेली, मग दुसऱ्याची, आता सगळीकडे काँक्रीट आणि गाड्या. जुनी छपरंही गेली. या भागात स्विदलँड नावाच्या जवळच्या गावची जाड, हिरवट-जांभळी स्लेट असायची, तिच्या खाणी १८८७ ला बंद झाल्या, म्हणजे एकदा उतरवून फेकली की नवीन कुठून आणणार? आमच्या छपरावर ती नाही, आमची वेल्सची पातळ स्लेट आहे, पण कोपऱ्यावरच्या घरावर आहे आणि पाऊस पडून गेला की ती अशी काही चमकते.

त्या तिघांना मी सांगितलं ते थोडक्यात असं, की घ्या, पण आधी अप्रेझल वाचा, नकाशा बघा, शेजारच्या जुन्या माणसाशी बोला, आणि हातोडी उचलायच्या आधी ऑफिसरला ईमेल करा. आणि भिंतीत किल्ली घासून बघा.

ओल गेली. लगेच नाही, दीड वर्ष लागलं भिंत पूर्ण वाळायला.

बाबा त्या ऑक्टोबरात परत गेले ते गवंड्याकडून चुन्याचा एक वाळका तुकडा रुमालात बांधून घेऊन. काकांशी काय बोलले ते मला माहीत नाही, पण यंदा दिवाळी झाल्यावर त्यांनी माजघराच्या भिंतीवरचं सिमेंट खरवडायला घेतलंय. भोरकडचा एक म्हातारा गवंडी मिळालाय, त्याला घाणीचं काम येतं. काल काकांनी फोटो पाठवला, कोनाड्याच्या खालची उघडी वीट, कडेला चुन्याची पहिली दरज आणि त्यावर ओलं गोणपाट. खाली लिहिलं होतं, तुझ्या तिकडच्या मेस्त्रींना विचार, पुढचा थर किती दिवसांनी द्यायचा. मी विचारलंय, संध्याकाळी त्यांचा फोन येईल.